कपाटावरच्या डब्यातली बावीस पानं

मित्रांनो, शिलाई मशीन दुरुस्त करण्याच्या एका दुकानात, सुट्या भागांच्या कपाटावर जो काळा डबा आहे, तो मी. मी एक जुना, छोटा संगणक आहे. एका कचेरीत बारा वर्षं राबलो. पुढे तिथल्या लोकांना मी मंद वाटू लागलो आणि अडगळीत पडलो. तिथून मला दुकानाच्या बाईंनी उचलून आणलं.

दुकान नवराबायकोचं. मशीन उघडायचे मालक. कुठल्या मशीनला काय खोड आहे, ते चिठ्ठ्यांवर लिहायच्या बाई. आजारी पडल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्यामागे तुम्हाला एक चिठ्ठी सापडायची नाही. सगळं डब्यात घालू." त्यांना विकी हवा होता, म्हणजे कुठल्याही फोनवरून उघडता येणारी आणि तिथेच बदलता येणारी वही.

त्यांच्या लेकीनं माझ्यात आधी एक मोठा विकी घातला. माझी मेमरी ती केवढी! एक पान उघडेपर्यंत मला धाप लागायची. मालक म्हणाले, "डबाही आजारी, तूही आजारी. हलकं काहीतरी बघा." मग लेकीनं दोन हलके विकी दाखवले. एक प्रत्येक पानाची जुनी रूपंही जपायचा. दुसरा फक्त शेवटचं ठेवायचा. मालकांनी दुसरा निवडला. खोडलेलं साठवून काय लोणचं घालायचंय, असं त्यांचं म्हणणं.

मी भराभर चालू लागलो. बाईंनी खाटेवरून चार महिन्यांत चारशे बारा पानं भरली. चिठ्ठी उतरवून झाली की फाडून टाकायच्या. मशीनच्या खोडींबरोबर नवऱ्याच्याही खोडी लिहायच्या. 'हा स्क्रू उलटा फिरतो. यांना दर वेळी सांगावं लागतं.' 'आधी चष्मा लावा, मग सुई शोधा.'

मग बाई गेल्या.

दुकान लेकीकडे सोपवायचं म्हणून मालक रोज पानं नीटनेटकी करायला बसले. कामाचं ठेवलं. बाईंच्या टोमण्यांपाशी त्यांचा हात थांबायचा. ते त्यांना वाचवत नसत, म्हणून मालक ते काढून टाकत. विकी निवडतानाचं आपलंच बोलणं ते विसरले होते; चिठ्ठीवर खोडलेलं जसं खालून दिसतं, तसं हेही कुठेतरी राहत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी सांगितलं तसं मी पुसत गेलो. मला नाही म्हणता येत नाही.

एके दुपारी ते लेकीला म्हणाले, "ते स्क्रूचं जुनं पान काढ गं जरा."

तिनं फोनवर स्क्रूचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं, त्यात टोमणा नव्हता. मग हळूच म्हणाली, "बाबा, फक्त शेवटचं ठेवणारा विकी तुम्हीच निवडलात ना."

मालक स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं आणि परत गेलं.

बावीस पानं त्यांच्या हातून अजून नीटनेटकी व्हायची होती, ती तेवढी पुसण्यातून बचावली. आता ते रोज त्यातलं एक उघडतात. चष्म्याचं पान आलं की आधी चष्मा लावतात, मग वाचतात. लेक त्या पानांची प्रत काढू म्हणते, पण धास्तीनं ते मला कुणाला हात लावू देत नाहीत.

मित्रांनो, हलकं जरूर निवडा. पण माणसाचे शब्द पुसण्याआधी त्यांची प्रत दुसरीकडे ठेवा. आणि आमच्या मालकांना कुणीतरी समजवा, की प्रत काढल्यानं पान जात नाही. जरा लवकर समजवा. माझा पंखा हल्ली घरघरतो.