खालून सोडलेला चेंडू

बास्केटबॉलच्या मैदानावर टॉवरला, म्हणजे क्लबातल्या सगळ्यांत उंच गड्याला, रिंगखाली चेंडू मिळाला की समोरचा संघ निम्मा हरलेला असे. पाठीवर कोण रेलतंय, कोणत्या बाजूने जोर लावतंय, एवढं कळलं की पुरे. तो उलट्या अंगाला वळून चेंडू आत ठेवून मोकळा होई, फळीवर बरणी ठेवावी तसा. क्लबमधले गुणांचे सगळे विक्रम त्याच्या नावावर होते आणि ते सांगायला तोही मागेपुढे बघत नसे.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ते शेपूट म्हणजे फ्री थ्रो. अडवायला कोणी नाही, रेषेवर निवांत उभं राहून टाकायचं, आणि नेमका तिथेच चेंडू लोखंडावर आपटून बाहेर. प्रतिस्पर्ध्यांनाही हे पाठ झालं होतं. सामना अटीतटीला आला की ते मुद्दाम त्याला धरत, फाउल पत्करत आणि रेषेवर पाठवत. म्हणून शेवटच्या मिनिटांत कोच त्याला बाकावर बसवी. दोन फायनल त्याने अशा बाकावरून हरताना पाहिल्या होत्या. आज तिसरी, आणि गुडघ्यांच्या मते शेवटची.

खरं तर औषध घरातच होतं. त्याची थोरली बहीण शाळेत खेळ शिकवायची. दोन्ही हातांत चेंडू धरायचा, गुडघे वाकवायचे आणि खालून अलगद वर सोडायचा, हे तिने त्याला केव्हाच दाखवलं होतं. रिकाम्या मैदानावर तसा त्याचा नेम क्वचितच चुके. पण असं लहान मुलं टाकतात. विक्रमवीरांनी टाकायचं म्हणजे काय!

"लोक हसतील, ताई."

"हसतील त्यांचे दात दिसतील. तू कशाला मोजत बसतोस?"

फायनलची शेवटची दोन मिनिटं उरली, संघ एका गुणाने मागे होता. कोचने बदली खेळाडूला उठवलं.

"चल, बस आता."

"नाही बसत," टॉवर म्हणाला.

"अरे, धरतील तुला."

"धरू देत की."

धरलंच. टॉवर रेषेवर गेला, गुडघे वाकवले, चेंडू खाली नेला, आणि सगळा हॉल खो खो हसत सुटला. त्याचेच सोबती टॉवेलात तोंड लपवत होते. त्याचे कान तापले. चेंडू मात्र रिंगला न शिवता आत गेला. दुसराही गेला. संघ एका गुणाने पुढे.

समोरच्यांनी बास्केट करून पुन्हा आघाडी घेतली आणि टॉवरला पुन्हा धरलं. या वेळी हसणारे कमी होते. दोन्ही चेंडू आत.

"हात लावू नका रे त्याला!" समोरचा कोच ओरडला.

त्यांचा पुढचा नेम हुकला. चेंडू रिंगखाली टॉवरकडे आला. पाठीवर कोणाचाच भार नव्हता. रक्षक दोन्ही हात वर करून लांब उभा होता. टॉवरने वळून चेंडू आत ठेवला आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला.

कोचने त्याला मिठी मारली. "कधी शिकलास हे?"

"पहिल्या फायनलच्या आधी."

कोचचे हात सैल पडले. "मग तेव्हा का नाही टाकलंस?"

"लाज वाटायची."

त्या दोन फायनल हरलेले जुने सोबती आज प्रेक्षकांत उभे राहून टाळ्या वाजवत होते. कप घ्यायला टॉवरचं नाव पुकारलं गेलं. तो आधी त्यांच्याकडे गेला.