गोविंदाच्या मापाचा बूट

मी एक जुना कापडी बूट आहे, मित्रांनो. डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. बोलायचं काम माझ्याकडेच. आमचं कापड एके काळी निळं होतं. आता मिठानं पांढुरकं झालंय, हात लावलात तर खरखर लागेल. तळवा मात्र अजून धड आहे. सपाट, मऊ रबराचा, जिथं टेकेल तिथं धरून ठेवणारा. या तळव्यासाठीच मला एका आईनं निवडलं. आणि निवडलं ते अशा पायासाठी, जो पाय तेव्हा या जगात नव्हता.

घाबरू नका. जवळ बसा.

आम्हां बुटांचा पहिला पाय साच्याचा असतो. त्याच्यावर कापड ताणतात, खाली रबर चिकटवतात, भट्टीत भाजतात, आणि बूट तयार झाला की तो पाय उपसून घेतात. तेव्हापासून प्रत्येक बुटाच्या पोटात एक पोकळी वाट बघत बसते. माझी पोकळी खोक्यात बसून ट्रकमधून आली ती अष्टमी नावाच्या गावात, फैजलच्या दुकानात. पुलापलीकडे रोहा, पुलाखाली कुंडलिका नदी. भरती चढली की पाण्याचा वास दुकानात यायचा.

फैजल काही वर्षं दुबईला होता. येताना त्यानं तिथली एक सायकल आणली. जाड दातेरी टायर, सरळ दांडा, गिअर, आणि पॅडल म्हणाल तर तळहातापेक्षा रुंद, सपाट, चहूबाजूंनी बारीक लोखंडी दात असलेली. तशी सायकल साऱ्या रोह्यात नव्हती. फैजल चार दिवस हौसेनं फिरला, मग ती चालवली त्याच्या दोस्तानं, गोविंदानं. गोविंदा पेणकडचा, खाडीकाठच्या मिठागरावर वाढलेला. कंपनीत नोकरी लागली म्हणून रोह्यात बहिणीकडे राहायचा. शिफ्ट सुटली की सायकल खांद्यावर घेऊन मागच्या डोंगरावर चढायचा आणि दगडगोट्यांच्या पायवाटेनं वाऱ्यासारखा खाली यायचा. ही सारी शहाण्णव सालची गोष्ट.

श्रावणात एक दिवस तो कंपनीतले बूट न बदलताच गेला. जाड, कडक तळ, त्यावर तेलाचा ओघळ. उतरणीवर डावा पाय पॅडलवरून सटकला. गोविंदा दरीत गेला. सायकल वरच झुडपात अडकून राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी कृष्णाबाई, गोविंदाची आई, रामवाडीहून एस.टी. धरून अष्टमीला आली. पायांत काही नव्हतं. मिठागरात जन्म गेलेल्या बाईचे पाय ते, रुंद, पसरट, भेगांत मीठ बसलेले.

"ये मावशी, बस," फैजल उठून उभा राहिला.

"बसाया नाय आले. गोविंदाला बूट पायजेत."

फैजलनं गोविंदाला खांदा दिला होता.

"तेराव्याला द्यायचेत," ती म्हणाली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या नावानं तेराव्याला छत्री आणि वहाणा दान देतात. वरची वाट तापलेली असते म्हणे. इथं कोणीतरी वहाणा घातल्या की तिथं त्याच्या तळव्यांना गारवा मिळतो. फैजलला हे ठाऊक होतं. त्यानं चपलांची खोकी काढली.

"चपला नकोत. चपला घालून सायकल चालवंल काय तो?"

"मावशी, तिथं कुठली सायकल?"

"तू गेलायस काय बघायला? माझ्या सपनात येतो तो. उतरणीवर मधीच हाय. डावा पाय लोंबतोय, पॅडल शोधतोय, गावत नाय. तुझीच सायकल ना? मग तूच सांग, त्या पॅडलवर कोणता बूट टिकंल."

फैजल मागच्या खोलीत गेला. सायकल तिथंच गोणपाटाखाली होती. तिचं एक पॅडल खोलून त्यानं आणलं आणि लाकडी फळीवर ठेवलं. मग दोघं जमिनीवर बसून एकेक बूट त्यावर दाबून बघू लागले. फुटबॉलच्या बुटाखाली रबरी खुंट्या होत्या. दोन टेकल्या, बाकीच्या अधांतरी राहिल्या. पळायच्या बुटाचा तळ गादीसारखा दबला आणि हळूच कलला. जाड तळाचा बूट तिनं हातात घेतला तो लगेच खाली ठेवला.

"ह्यो नको. असल्यानंच गेला."

"व्हय मावशी. पायाखाली पॅडल हाय का नाय, तेच कळत नाय ह्यात."

मग त्यानं मला काढलं. कृष्णाबाईनं आपला हात माझ्या पोटात घातला, पॅडलवर मला दाबलं आणि आडवं ओढलं. दात माझ्या रबरात रुतले होते. मी हललो नाही. तिनं उचललं तर पॅडलही थोडं वर उचललं गेलं.

"अगो बाय! ह्यो सोडीनाच की!" ती हसली. दुसऱ्याच क्षणी तिला हसण्याचं काय वाटलं कोण जाणे, पदर तोंडावर गेला.

"नंबर?" फैजलनं विचारलं. "ज्याला दान देशील, त्याच्या मापाचे घे."

"चाललेत कोणाला? गोविंदाला. मग माप पण त्याचंच."

तो नंबर माझाच होता, फैजलनं मला बांधून दिलं. तुम्हीही दिलं असतं. पण चूक झाली ती इथं.

तेराव्याला भावकीतला थोरला विठू मला बघून चमकला. "बूट? दानाला बूट? वर काय फुटबॉल खेळायचाय त्याला?"

"तुझ्या येळेला चपला देऊ, इठूदा. तुला कुठं घाई हाय!"

बायका पदराआड हसल्या. विठूही हसला, पण मग गंभीर झाला. "बरं. पण ध्यानात ठेव, दिलेलं दान मागं घ्यायचं नाय. घेतलंस, तर पोर तिकडं अनवाणी."

दान भाच्याला द्यायचं. गोविंदाला भाचा नव्हता, भाची होती. रोह्यातल्या बहिणीची, हौसाची मुलगी पूजा, कॉलेजात जाणारी. मामानंच तिला ती सायकल शिकवलेली. पूजाचा पाय नाजूक. माझ्यात घातला तेव्हा पुढं बोटांची जागा सारी रिकामी राहिली. तिनं त्यात चिंध्या कोंबल्या, नाडी करकचून बांधली. दानाला नाही कसं म्हणायचं?

मित्रांनो, आता सांगतो ते कोणाला सांगितलेलं नाही. पूजाचा पाय जिथं संपायचा, त्याच्या पुढं त्या चिंध्यांत ऊब असायची. ती चालायची तेव्हा माझी टाच रिकामी उचलली जायची, पण चवड्यावर कोणीतरी भार द्यायचं. उजव्याला विचारलं, तर तो नेहमीसारखा गप्प.

कृष्णाबाईचं स्वप्न थांबलं नव्हतं. मिठागरावर मीठ गोळा करायची फळी ओढताना ती हलकेच गुणगुणायची:

*दूर डोंगराची वाट, वाटेला नाही पायरी*
*बाळा, ठेव तुझा पाय माझ्या पापणीवरी*

मार्गशीर्षात वाटा कोरड्या झाल्या, तेव्हा ती पुन्हा आली. पूजाला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या उतरणीवरनं एकदा हे बूट घालून ये गो. तुझा पाय टिकला की त्याचा टिकंल. मग तो सुटंल तिथनं."

"जाईन की, आजी. मामाच्या संगती अर्ध्यापतूर गेलेय मी."

हौसाला कोणी विचारलं नाही. फैजलनं मात्र सायकल द्यायला खळखळ केली. "आधी धाकट्या उतारावर बघू," म्हणाला.

धाकटा उतार डोंगराच्या पायथ्याशी होता. पूजा निघाली. पहिल्याच धक्क्याला तिची टाच माझ्यातून वर सरकली, पाय आत फिरला. पॅडल निसटणार, एवढ्यात पुढच्या रिकाम्या जागेतून कोणीतरी दाबलं. घट्ट, ओळखीनं. दात रुतले. पूजा खाली पोचली ती हसत.

"धरला काय गो?" आजी धापा टाकत आली.

"धरला आजी! आसा धरला, जसा काय मामाच..." आणि पूजा थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

कृष्णाबाईचे डोळे चमकले. "चल मग. वर चल."

वर वारा होता. खाली पायवाट वाळल्या गवतातून नागिणीसारखी गेलेली, आणि अर्ध्यावर ते झुडूप. मी तिथं पहिल्यांदाच आलो होतो, तरी मला ती वाट ठाऊक होती. माझ्या पोटातली ऊब उतावीळ झाली होती. ती पूजाची वाट बघत नव्हती, मित्रांनो. तिला फक्त जायचं होतं.

पूजा सायकलवर बसली. "आजी, नाडी जरा आवळ. सुटतेय."

कृष्णाबाई खाली बसली. नाडी आवळली. मग आया लेकराचा नवा बूट बघतात तशी तिनं टाचेमागं बोटं घातली. एक बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं. तिनं चवडा दाबून पाहिला. तिथं नुसत्या चिंध्या. ती तशीच बसून राहिली, हात माझ्यावर.

"मावशी?" फैजल म्हणाला.

"पाय काढ गो."

"आजी, मी जाते ना. मामा सुटंल."

"काढ म्हणते!" तिनंच ओढून मला काढलं. "तिघांच्या तीन अकला, आन एकाला पण हे माप दिसू नये? मी मेलेल्याच्या पायाला बघत बसले आन जित्या पायाला दरीत धाडीत हुते."

"पन दान मागं घेतलं तर मामा अनवाणी..." पूजा रडायला लागली. "इठूआजोबा बोलले ना."

कृष्णाबाईनं खाली बघितलं. त्या झुडपाकडे. मग सावकाश म्हणाली, "मिठात अनवाणीच वाढलाय तो. चालंल. माझाच पोर हाय."

वारा पडला. माझ्या आतली ऊब थांबून ऐकत होती.

आता पूजाच्या सँडल खालीच राहिलेल्या. फैजलनं आपल्या चपला तिला दिल्या आणि सायकल हातात धरली. बूट कोण नेणार? कृष्णाबाई दगडावर बसली आणि जन्मात कधी बूट न घातलेला आपला पाय तिनं माझ्यात घातला.

मित्रांनो, तो पाय आत आला आणि जागा संपली. टाच टाचेला लागली, चवडा चवड्याला. रुंदीसुद्धा तीच. गोविंदाचा पाय आईवर गेला होता! ऊब कुठं गेली ते मला कळलं नाही. ती विझली, की त्या भेगाळल्या पायातच शिरली, देव जाणे.

ती एकेक पाऊल टेकत उतरली. झुडपापाशी थांबली, दोन्ही पाय दगडावर घट्ट रोवून. मी दगड सोडला नाही.

"काय झालं आजी?"

"काय नाय. चल, भूक लागलीय."

त्याच दिवशी फैजलनं पूजाचा पाय पाटीवर उभा करून खडूनं आखला, नि तसलेच सपाट तळाचे बूट तिच्या मापाचे दिले. ते घालून ती पुढं कितीतरी उतार उतरली. मी मिठागराच्या बांधावर आलो. वाफ्यात अनवाणीच उतरावं लागतं, म्हणून कृष्णाबाई मला बांधावर काढून ठेवायची आणि परतताना घालायची. मिठानं माझं कापड खाल्लं ते तेव्हा. आता बरीच वर्षं झाली, तो पाय आलेला नाही.

म्हणून विनवतो, बाळांनो. बूट निवडताना रंग बघू नका, तळ बघा. पॅडलवर दाबून बघा. आणि टाचेमागं बोट घालून बघायला लाजू नका. गेलेल्यांवर माया करा, पण माप जित्या पायाचंच घ्या. आमच्यासारख्यांच्या पोटातल्या रिकाम्या जागेवर भरवसा ठेवू नका. ती जागा फार मायाळू असते, आणि तिला दरी दिसत नाही.