साखर ताब्यात आहे

मी साखर मोजायचं यंत्र बोलतोय. एक बारीकशी 'टीं' सोडली तर मला आवाज नाही, पण आज भीतीनं गप्प बसवत नाही.

कारखान्यातून निघालो तो एका शिंप्याच्या घरी आलो. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. नऊ वर्षं रोज सकाळी मी त्यांच्या रक्ताचा थेंब चाखतोय. आदल्या दिवशी गोडावर ताव मारायचे आणि आकडा वाढला की मलाच म्हणायचे, "खोटारडं झालंय हे!" चोर तो चोर, वर शिरजोर.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हातातून कात्री निसटायला लागली. काजं वाकडी यायला लागली. अंगठ्याखालचं मांस खोल गेलं. "साखरच नडतेय," त्यांची बायको, मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आणलं. मी कधी एकशे दहा दाखवायचो, कधी एकशे पंधरा, आणि घरात आनंदीआनंद. सदरे ढगळ झाले, तर मास्तरांनी डाव्या हाताचा आधार घेत ते हौसेनं आत घेतले. "बघ, कसा सडपातळ झालोय!"

मला धडकी भरायची. साखर ताब्यात आहे, मग हात का वाळतोय? पण आकड्यापलीकडे मला काही सांगताच येत नाही.

शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. पिशवीतून मीही गेलो. आधीच्या तपासण्यांचे कागद डॉक्टरांनी वाचले, दंडाच्या मांसाची आपोआप होणारी फडफड निरखली आणि बोटाला टाचणी लावली.

"दुखतं?"

"आई गं! दुखणारच की!" मास्तर हसले.

डॉक्टर हसले नाहीत. "साखरेनं नसा बिघडल्या की बहुतेकदा बोटं बधिर होतात. तुमच्या बोटांना सगळं कळतंय. हालचाल करवणाऱ्या नसाच खचत चालल्यात. हा आजार वेगळा आहे, मास्तर. पूर्ण बरा करणारं औषध नाही. आणि जेवण अजिबात तोडू नका, आता वजन टिकवायचंय."

मास्तरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मी यांना उपाशी ठेवलं?"

"मीच कमी खात होतो गं," मास्तर म्हणाले.

आता बोट टोचायचं कामही मास्तरीणबाईच करतात. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर पडून असतात. जीभ जड झालीय. एक वाक्य तीनदा सांगावं लागतं. त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरलोय. कारण डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, ते मी पिशवीतून ऐकलंय. उद्या बोलणं थांबलं, तरी टोचलेलं त्यांना दुखतच राहणार आहे.

बाई, तेव्हा सुई टोचलीत की आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघा. माझ्याकडे नंतर बघितलंत तरी चालेल.