सोळा की अठरा

रक्तपेढीतल्या नोंदींचा डेटाबेस ताई एकवीस वर्षं सांभाळत होत्या. आता जुन्या आवृत्तीला पुढच्या महिन्यापासून दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं. म्हणजे अपग्रेड आलंच. आवृत्ती सोळावर जायचं की थेट अठरावर, एवढंच ठरवायचं होतं. सोळा दोन वर्षं पुरली असती, अठरा पाच.

साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते." वर मात्र त्यांनी आधीच 'सगळ्यात नवीन' असं कळवून टाकलं होतं.

ताईंनी दोन्हींवर नोंदींची प्रत टाकून तपासायला घेतलं. सोळावर सगळं सुरळीत चाललं. अठरावर रक्तगट तपासणारं मशीन काही केल्या जोडलं जाईना. त्याचा प्रोग्राम फार जुना, आणि तो लिहिणारी कंपनी कधीच बंद पडलेली. तीन दिवस डोकं फोडून झाल्यावर ताई खाली प्रयोगशाळेत गेल्या.

"हे मशीन बदलणारेत का गं?"

तंत्रज्ञ बाई हातमोजे काढत म्हणाली, "सहा वर्षं मागतेय मी. तुम्ही अठरा केलंत तर मला निकाल हाताने लिहावे लागतील, ताई. आणि हाताने लिहिताना चूक होते. माझीही."

त्या दिवशी जेवताना ताई नुसत्याच ताटाकडे बघत राहिल्या. नवरा म्हणाला, "कुठलीही घे, पण आधी दोन घास खा."

"सोळा घेतली तर दोन वर्षांनी हेच सगळं पुन्हा. तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेले असतील."

"मग अठरा घे."

"रक्त चुकीचं गेलं तर?"

त्याने भाजी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

सकाळी ताईंनी साहेबांपुढे कागद ठेवला. सोळा, तिची कारणं, आणि खाली नव्या मशीनची मागणी.

"अहो, पण मी वर अठरा सांगितलंय."

"मग नाही जमत म्हणून सांगा. अठराच हवी असेल, तर मशीनची जबाबदारी घेतो असं लिहून सही करा."

साहेबांनी पेन उचललं, कागद पुन्हा वाचला आणि पेन खाली ठेवलं. "सांगतो," ते हळूच म्हणाले.

रविवारी दुपारपर्यंत सोळा बसली. तंत्रज्ञ बाईने पहिला नमुना लावला, निकाल पडद्यावर आला, तिने मान हलवली. ताईंना बरं वाटायला हवं होतं. पण पाय तेवढे दुखत होते. घरी जाऊन त्या चप्पल न काढताच पलंगावर आडव्या झाल्या.