शुक्रवारची रात्र

दानजुमाने खांबावरच्या पर्जन्यमापकाचा दुसरा नट काढला आणि तिसऱ्याशी त्याचा पाना अडला. मागे देलू आत्या उभी होती, पाऊस मोजायची काचेची नळी छातीशी धरून.

माराडीजवळच्या या गावचा पाऊस तिने एकोणीस वर्षं वहीत उतरवला होता. आता चार देशांच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेच्या मोसमी पावसाचा अभ्यास मांडला, तिची वही उपग्रहाशी ताडून पाहिली, तर चाळीस पाऊस चुकीच्या तारखेला. त्यांच्यातल्या जर्मनीच्या इन्ग्रिडबाईंनी दानजुमाला सभ्यपणे लिहिलं होतं, की वहीचा भरवसा नाही, सोडून द्यावी, मापक काढून आणावा. त्या चाळीस ओळींखाली लाल रेघा मात्र त्याच अभ्यासात काम करणाऱ्या दानजुमानेच मारल्या होत्या. आज त्याला होकार कळवायचा होता.

त्याने घाम पुसला, फोन पाहिला, पुन्हा घाम पुसला. आत्याने दिलेला, दुधात कालवलेला बाजरीचा फुरा वाडग्यात तसाच होता.

"मी खोटं लिहिलं म्हणतात का रे?"

"खोटं नाही, आत्या. एखादा दिवस इकडेतिकडे."

"नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आधी पाऊस मोजला, मग रडायला बसले मी. म्हणे इकडेतिकडे."

दानजुमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने वही उघडली आणि शेवटच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. उपग्रहाच्या मते तो पाऊस गुरुवारी रात्री नऊचा, वहीत मात्र शुक्रवार. हा गुरुवारी रात्री पडला ना, असं त्याने विचारलं.

"गुरुवारच्या रात्री थेंब नव्हता. हा शुक्रवारच्या रात्रीचा," ती फणकारली. "गुरुवारचा सूर्य बुडाला की लागला शुक्रवार. परदेशात जाऊन हेही विसरलास होय?"

त्याने भराभर पानं उलटली, फोनमधल्या वेळा लावून पाहिल्या. चाळीसच्या चाळीस पाऊस सूर्य बुडाल्यानंतरचे आणि मध्यरात्रीच्या आधीचे. दिवसाउजेडी पडलेला एकही चुकला नव्हता. तो स्वतः याच बोलीत, रात्री अशाच मोजत लहानाचा मोठा झाला होता आणि रेघा मारताना त्याला त्याचं काडीचंही भान नव्हतं.

"तुझं नाव दानजुमा. शुक्रवारचा पोर," आत्या म्हणाली. "शुक्रवारीच झालास ना?"

जन्मदाखल्यावरच्या तारखेला गुरुवार होता. परदेशात, तुलूजला शिकताना एका मित्राने कॅलेंडर काढून दाखवलं, तेव्हापासून तो हसत हसत सगळ्यांना सांगायचा, की आमच्या आईला वारसुद्धा कळत नाही. एकदा आईच्या तोंडावरही बोलला होता. ती तांदूळ निवडत होती, सूप घेऊन आत निघून गेली.

दानजुमाने दोन्ही नट पुन्हा घट्ट बसवले. इन्ग्रिडबाईंना लिहिलं, की चूक वहीत नाही, माझ्या रेघांत आहे. वही ठेवायची, तारखा मी लावून देतो. मग वाडगा जवळ ओढला, पण तोंडाला न लावताच आईला फोन केला.

"आई, मी रात्री झालो होतो का गं?"

पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"दिवेलागण झाली होती नुकती," ती म्हणाली. "आज सुचलं होय विचारायला?"