घाटाच्या बसमधला ढवळ्या

मी ढवळ्या बोलतोय. दचकू नका, बैल नाही मी. दूधही नाही आणि चुन्याचं पाणी तर मुळीच नाही. घाट चढणाऱ्या एका जुन्या बसच्या रेडिएटरमध्ये फिरणारा मी एक पांढुरका द्रव आहे. शिकलेली माणसं मला नॅनोफ्लुइड म्हणतात. प्रयोगशाळेतल्या शिपायाने मला पहिल्यांदा पाहिलं आणि तो म्हणाला, "अरे वा, हा तर ढवळ्या!" झालं, तेच नाव चिकटलं. पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं, हे तुमच्याकडेही चालतंच की.

माझा जन्म एका काचपात्रात झाला. जवळजवळ सगळा मी म्हणजे साधं, शुद्ध केलेलं पाणी. उरलेला चिमूटभर मी म्हणजे अॅल्युमिनियमच्या भस्माचे कण. कण केवढे म्हणाल, तर तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत हजारावर कण सहज ओळीने उभे राहतील आणि तरी कुणी म्हणणार नाही की सरकून घ्या.

आता हा खटाटोप कशासाठी? साधं पाणी इंजिनाची उष्णता वाहून नेतं, पण आळसाने. लग्नघरातल्या त्या नातेवाइकासारखं, जो ताट उचलायला उठतो आणि वाटेत तिघांशी गप्पा मारून येतो. माझे कण मात्र हातोहात काम करणारे. एकाने उष्णता घेतली की दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. त्यामुळे पाण्याचा हात जरा लवकर रिकामा होतो आणि इंजिन जरा लवकर निवतं. जराच हं. मी चमत्कार नाही. पण चढावर जरासंच पुरतं.

मला घडवलं त्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ताईने. तिला सगळे ताईच म्हणतात, म्हणून मीही. तिने पूड पाण्यात टाकली, आम्लाचा एक थेंब सोडला आणि एका यंत्राखाली मला थरथरत ठेवलं. त्या यंत्राचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण माझ्या हाडाहाडात घुमला. हाडं नाहीत मला, पण असती तर घुमला असता. त्या थरथरीने चिकटून बसलेले कण सुटे झाले आणि आम्लाच्या थेंबाने त्यांच्यात कायमची कट्टी लावून दिली. सगळ्यांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे कुणी कुणाच्या जवळ जायचं नाही. आपापल्या जागी तरंगायचं.

ऐकायला विचित्र वाटेल. भांडण मिटवणं हे पुण्याचं काम, असं सगळे सांगतात. पण माझ्या पोटातलं भांडण मिटलं तर माझा कारभार आटोपला. कण एकमेकांच्या गळ्यात पडले की जड होतात आणि तळाशी जाऊन बसतात. मग वर उरतं ते नुसतं पाणी. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच रामायण घडलंय.

ताईने माझ्या मागे एवढा जीव का टाकला, तर तिच्या बाबांसाठी. बाबा बसचालक. त्यांच्या वाट्याला घाटाची बस. इंजिन म्हातारं, चढ उभा. अर्ध्या घाटात एक वळण आहे, तिथे ती रोज उकळायची. प्रवाशांनी त्याला उकळीचं वळण असंच नाव ठेवलं होतं. बाबा बस थांबवायचे, निवेपर्यंत वाट पाहायचे, कॅनमधलं पाणी ओतायचे आणि मग पुढे. एकदा उशीर झाला म्हणून त्यांनी घाई केली, झाकण गरम असतानाच उघडलं, आणि वाफेने उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

त्या दिवसापासून ताईची आई, म्हणजे माझीही आईच म्हणा, चहात साखर घालत नाही. तिने देवाला सांगितलं, "यांची बस एकदा न थांबता घाट चढू दे. तोवर मला गोड चहा नको." आणि आईचा चहा म्हणजे पूर्वी काय होता! बाबा म्हणायचे, हिच्या कपात मुंगी बुडून मरणार नाही, साखरेवर उभी राहील.

नेम एवढ्यावर थांबला नाही. रोज संध्याकाळी ती बाबांचा पाण्याचा कॅन स्वतः घासायची आणि स्वतः भरायची. बसच्या पोटात कचरा जाता कामा नये. हात जोडून मागायचं आणि हात हलवून करायचं, दोन्ही.

ताईच्या सरांचा मात्र धीर संपत आला होता. एक दिवस ते म्हणाले, "काचपात्रात सगळेच शहाणे असतात गं. आगारात दाखव. मोठे साहेब हो म्हणाले तर बस मिळेल. नाही म्हणाले तर हा विषय इथेच बंद, आणि हे भांडं रिकामं कर."

हे भांडं म्हणजे मी.

आगाराचे मोठे साहेब वेळेचे पक्के. त्यांनी सकाळी पहिल्या पाळीलाच बोलावलं. म्हणून आदल्या दिवशी ताईने मला एका पांढऱ्या कॅनमध्ये भरून घरी आणलं, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं आणि ती अंगावरचे कपडे बदलायला गेली. कॅन कसला? अगदी बाबांच्या कॅनसारखाच. एकाच दुकानातला, एकाच मापाचा. बाबांचा खरा कॅन त्या दिवशी बसमध्येच राहिला होता.

आईने झाकण उघडलं. आत पाहिलं.

"अगंबाई! हे असलं गढूळ पाणी घालतात काय हे बसमध्ये? मग उकळेल नाही तर काय होईल!"

मला ओरडावंसं वाटलं, आई, मी गढूळ नाही, मी गुणी आहे! पण द्रवाला तोंड कुठे असतं? असतो तो फक्त कॅनचा गळा.

नळाला पाणी यायला वेळ होता, म्हणून ओतून न देता आईने पदर खोचला, न्हाणीघरात गेली आणि तुरटीचा खडा घेऊन आली. बाबांचा दाढीनंतर लावायचा. मनोभावे, सावकाश, ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत तिने तो खडा माझ्यात फिरवला.

आता तुरटी कोण? अॅल्युमिनियमच्याच घरची. म्हणजे माझी भावकी! आणि भावकी जशी येते तशीच आली ती, समेट घडवायला. "काय रे पोरांनो, किती दिवस असे तोंडं फिरवून बसणार? या जवळ!" माझे कण भाबडे. कट्टी सोडली, गळ्यात गळे घातले आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने तळाशी निघाले. थोड्या वेळाने आईने वर राहिलेलं नितळ पाणी पाहिलं, समाधानाने झाकण लावलं आणि ती पोळपाट घ्यायला वळली.

सकाळी ताईने कॅन उचलला. तळाशी साका दिसला. तिला वाटलं, थोडा बसलाय, बसतोच. तिने कॅन खळाखळा हलवला, मी पुन्हा पांढरा दिसलो आणि ती निघाली. दिसणं आणि असणं यात अंतर असतं, बाळांनो. वरून मी तोच ढवळ्या, आतून नुसता गठ्ठ्यांचा बाजार.

आगाराच्या कार्यशाळेत एका घडवंचीवर रेडिएटर, पंप आणि पाणी तापवायची टाकी मांडली होती. आधी साधं पाणी फिरवलं. मग मला. मोठे साहेब तापमापकाकडे पाहत होते, सर साहेबांकडे पाहत होते आणि ताई माझ्याकडे. मी जिवाचा आटापिटा केला. पण गठ्ठे बारीक नळ्यांत अडकले, वाट तुंबली आणि काटा खाली यायच्याऐवजी वर निघाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्या दुधापेक्षा आमच्या नळाचं पाणी बरं."

 सरांनी फक्त कॅनकडे बोट दाखवलं आणि मग कोपऱ्यातल्या मोरीकडे.

ताईने मला रेडिएटरमधून कॅनमध्ये काढून घेतलं. मोरीपाशी नेलं. झाकण उघडलं. मी मनातल्या मनात देवाला म्हणालो, आलो तसा चाललो. पण तिचा हात काही कलेना. "घरी नेऊन ओतते," एवढं म्हणून तिने झाकण लावलं. पोटच्या गोळ्याला परक्या मोरीत कोण ओतेल?

घरी आल्यावर तिने कॅन ओट्याजवळ ठेवला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. बाबाही तेवढ्यात ड्युटी संपवून आले होते.

"नाही जमलं, बाबा. तुमची बस तशीच राहणार."

"असू दे गं," बाबा म्हणाले. "उकळीच्या वळणावर माझी चार माणसांशी ओळख आहे. बस थांबली नाही तर त्यांना चुकल्यासारखं होईल."

तेवढ्यात आईचं लक्ष कॅनकडे गेलं. "हा कॅन तुझ्याकडे कसा? हा तर यांचा ना? काल मी एवढं स्वच्छ करून ठेवलं होतं पाणी, पुन्हा कुणी गढूळ केलं?"



"आई," ताई हळूच म्हणाली, "स्वच्छ म्हणजे काय केलंस?"

"काय करणार? तुरटी फिरवली. तळाला बोटभर गाळ बसला, बाई! केवढी घाण ती!"

ताईने कपाळावर हात मारला. मग ती हसायला लागली. हसता हसता रडली आणि रडता रडता पुन्हा हसली. "आई, ती घाण म्हणजे माझं वर्षभराचं काम होतं गं!"

आई मटकन पाटावर बसली. तिला सगळं समजायला थोडा वेळ लागला आणि समजलं तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे यांच्या बसला मीच आडवी गेले? माझ्याच नवसाला मीच खो घातला?"

"आणि माझा तुरटीचा खडा?" बाबा म्हणाले. "शोधून शोधून दमलो सकाळी. ही बघ, हनुवटी कापली ती कापली."

"अहो, इथे पोरीचं सगळं बुडालंय आणि तुम्हाला हनुवटी सुचतेय!"

"बुडालंय म्हणजे तळाशी आहे. हरवलं कुठे?" बाबा म्हणाले, आणि ताईने झटकन डोळे पुसले.

खरंच, मी कुठे गेलो होतो? होतो तिथेच होतो, फक्त खाली बसलो होतो. ताई मला परत प्रयोगशाळेत घेऊन गेली. साका बसू द्यायचा, वरचं तुरटीचं पाणी काढून टाकायचं, शुद्ध पाणी घालायचं, पुन्हा बसू द्यायचं. तुरटीचा अंश जाईपर्यंत तिने मला असं न्हाऊ घातलं. मग आम्लाचा थेंब, मग ती मुकी थरथर. माझ्या कणांनी एकमेकांचे गळे सोडले, तोंडं फिरवली, आणि काय सांगू, त्या कट्टीसारखं सुख नाही!

साहेबांना पुन्हा बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. ते काम बाबांनी केलं. साहेबांपुढे उभे राहून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "आमच्याकडे बॅटरीचं पाणी म्हणून तांदळाचं धुवण आणून देतील, नेम नाही. पण पुन्हा तुरटी पडणार नाही, याची हमी?"

बाबांनी खिशातून खडा काढून मेजावर ठेवला. "हमी घेऊनच फिरतोय, साहेब."

या वेळी काटा खाली आला. फार नाही, पण साहेबांनी चष्मा न पुसता वाचला, एवढा. सर म्हणाले, "हं." सरांचं हं म्हणजे इतरांचा टाळ्यांचा कडकडाट.

आणि मग तो दिवस आला. मी घाटाच्या बसमध्ये, बाबा चाकावर, ताई त्यांच्यामागे, आणि तिच्या शेजारी जीव मुठीत धरून आई. चढ लागला. इंजिनाने मला उष्णता अशी द्यायला सुरुवात केली जशी सासू नव्या सुनेला कामं देते, एक झालं नाही तोच दुसरं. मी घेत होतो, देत होतो, फिरत होतो. उकळीचं वळण आलं. आईने डोळे मिटले.

बस थांबली नाही.

मागून आरडाओरडा झाला. "अहो ड्रायव्हर, थांबा की! माझ्या शेंगा सोलायच्या राहिल्यात!" ही भाजीवाली. शाळेच्या बाई म्हणाल्या, "आणि माझे पेपर? मी रोज इथेच तपासते!" एक आजोबा डुलकीसाठी उशी काढून बसले होते, ते रुसून उशी परत पिशवीत कोंबू लागले. माणसांची गंमत बघा, रोज ज्याला शिव्या घालतात त्याचीही सवय होते त्यांना.

घाटमाथ्यावर चहाची टपरी आहे. बाबांनी भाजलेल्या, आता बऱ्या झालेल्या हाताने आईला कप दिला. "घे. दोन चमचे घातलीय."

आईने देवाचं नाव घेतलं, एक घोट घेतला आणि तिचं तोंड पडलं. "फिकाच आहे की हो! देवाला मान्य नाही वाटतं माझं."

ताईने कपात डोकावून पाहिलं. "आई, ढवळ ना गं! साखर तळाशी आहे."

इतके दिवस बिनसाखरेचा पिऊन ढवळायची सवयच गेली होती तिची. तिने चमचा फिरवला, घोट घेतला, आणि डोळ्यांतलं पाणी पदराने टिपलं. मग कप हातात घेऊनच ती बसच्या पुढ्यात आली, जाळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळा, ऊन आहेस रे! पण उकळला नाहीस."

तेव्हापासून मी रोज घाट चढतो. खड्ड्यांना प्रवासी नावं ठेवतात, मी मात्र दुवा देतो, कारण त्या हिंदकळ्यांनी माझे कण खाली बसत नाहीत. कधीतरी मीही थकेन, साकळेन. तेव्हा मला ओढ्यात ओतू नका, ताईकडे पोचवा. आणि तुमच्या घरातही कुणी तळाशी जाऊन बसलं असेल, तर संपलं म्हणून मोरीकडे नेऊ नका. एकदा ढवळून बघा.

घंटी झाली. निघतो, चढ आहे पुढे.