सोमवारची रांग

सलग चार सोमवार ट्रकांच्या रांगेतून नावे नाहीशी झाली: पहिल्या सोमवारी अकरा, मग चौदा, मग नऊ, मग सतरा. मंगळवार ते शनिवार एकही नाव गेले नाही.

डिचोली तालुक्यातील त्या गावात खनिज वाहणाऱ्या ट्रकमालकांचे एक मंडळ होते. कोणाचा ट्रक आधी भरायचा हे नोंदीच्या क्रमाने ठरे, आणि तो क्रम ठेवण्यासाठी सुविधाने महिन्यापूर्वी पीएचपीत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. चालकाने मोबाईलवर बटण दाबले की प्रोग्राम सर्व्हरवरची यादीची फाईल वाची, शेवटी त्याचे नाव जोडी, सगळी फाईल पुन्हा लिहून काढी आणि 'नोंद झाली' असे उत्तर धाडी. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन सुविधा मंडळाच्या कार्यालयात लागली होती. फाईल उघडण्याचा पासवर्ड तिच्या एकटीकडे होता, आणि आता तेच तिच्या मुळावर आले होते.

चौथ्या सोमवारी प्रवीण कार्यालयात आला. तो दोडामार्गचा; मंडळाचे निम्मे चालक सिंधुदुर्गाकडचेच. त्याने मोबाईल तिच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर 'नोंद झाली' हे शब्द स्पष्ट होते.

"मोबायल म्हणता नोंद झाली. तुमची फाईल म्हणता नाय. मगे मधल्यामधी माझां नाव गिळल्यान कोणी, मॅडम? बेडकान?"

"मी शोधते आहे, प्रवीण."

"चार सोमवार शोधतास. आणि जयरामकाकाचो नंबर बरो एकदाय जाणा नाय तो!"

जयराम सर्वांत जुना चालक, आणि सुविधाच्या वडिलांचा मित्र. त्याचे नाव एकदाही गेले नव्हते हे खरे होते.

मंडळाचे अध्यक्ष सदाशिव हे सर्व दारातून ऐकत होते. प्रवीण गेल्यावर ते खुर्ची ओढून बसले.

"बाय, लोक म्हणतात तू नावं काढतेस. मी म्हणत नाही. पण एवढे तोंड कसे धरायचे? पुढच्या मंगळवारी देवळात कौल घेऊया. उजवा पडला की सगळे गप्प."

"आणि डावा पडला तर?"

"देवाक सगळां कळता गे."

देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि आधी कोणत्या बाजूची पडते ते पाहायचे, ही रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. पाकळी किती ओली, दगड किती गुळगुळीत, वारा कुठला, यांवर निकाल अवलंबून असतो. त्या निकालावर तिची नोकरी आणि तिचा प्रामाणिकपणा ही दोन्ही ठरणार होती. विरोध केला तर लोक म्हणाले असते, कर नाही त्याला डर कशाला. ती हो म्हणाली.

आठवडाभर तिने जे तपासता येते ते सर्व तपासले. फाईलवर लिहिण्याची परवानगी होती. फाईलचा पत्ता बरोबर होता. डिस्कवर जागा भरपूर होती. चुकांची नोंद ठेवणारी फाईल उघडली तर ती कोरी होती. प्रोग्रामच्या मते काहीही बिघडलेले नव्हते. शनिवारी तिने स्वतः दोनशे खोटी नावे एकामागून एक घातली. दोनशेही यादीत सापडली. रविवारी पुन्हा दोनशे घातली. तीही सापडली. बिघाड दिसला असता तर तिला बरे वाटले असते. जे यंत्र आपल्यासमोर सरळ चालते आणि पाठ वळताच चुकते, त्याच्याविरुद्ध पुरावा कसला देणार?

एकच गोष्ट राहिली होती. ती कार्यालयात साडेआठला येई, आणि नोंदी तोवर आटोपलेल्या असत. प्रोग्राम वापरला जाताना तिने कधी पाहिलाच नव्हता. सोमवारी पहाटे ती शेजाऱ्याच्या दुधाच्या गाडीतून ट्रकांच्या तळावर पोचली.

अडतीस ट्रक उभे होते, पण एकाचेही इंजिन सुरू नव्हते. चालक तळाच्या कडेला, राखणदार देवाच्या छोट्या घुमटीपुढे जमले होते. दगडावर नैवेद्याचा रोट आणि फुले ठेवलेली. जयराम हात जोडून गाऱ्हाणे घालत होता.

"बा देवा राखणदारा, आज आठवड्याची सुरुवात. ह्या तुझ्या लेकरांची चाकां सरळ ठेव, घाटीवरचो ब्रेक राख..."

"व्हय म्हाराजा!"

"...खंय कोणाच्या हातून काय चुकलां-माकलां असात तर पदरात घी, आणि सगळ्यांका सुखरूप घरा हाड..."

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा 'म्हाराजा' विरला आणि सदतीस मोबाईल एकदम वर आले. सदतीस अंगठे पडले. "झाली रे!" "माझी पयली!" "तुझी खंयची, तुझ्या मोबायलाक रेंज मेळाक संक्रांत येतली!" हशा पिकला. जयराम मात्र आधी घुमटीपुढचा दिवा नीट करत राहिला. मग चष्मा पुसला, लावला, आणि सर्वांनंतर बटण दाबले.

"प्रवीण," तिने विचारले, "गाऱ्हाण्याआधी कोणी नोंद करत नाही?"

"देवाच्या आधी नंबर लावतलो कोण? म्हातारे मारतीत."

"आणि मंगळवारी?"

"गाऱ्हाणां सोमवारीच. बाकी दिवस ज्याचो तो येता तेवा दाबता."

"हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमी विचारलात खंय?" तो म्हणाला. "आणि गाऱ्हाण्याचो नि फायलीचो संबंध काय?"

कार्यालयात येऊन तिने सर्व्हरची दुसरी नोंदवही उघडली, जिच्यात आलेली प्रत्येक विनंती वेळेसह लिहिली जाते. ती तिने आजवर चाळली नव्हती, कारण एकही विनंती नाकारली गेली नव्हती. सहा वाजून बारा मिनिटांनी, दोन सेकंदांत, सदतीस विनंत्या. यादीत त्यांतली नावे बावीस.

मंगळवारी सकाळी तिने सदाशिवांना सर्व समजावले.

"म्हणजे तू काही काढलं नाहीस."

"नाही. पण प्रोग्राम मीच लिहिला. चूक माझी आहे, चोरी नाही."

सदाशिवांनी टेबलावरचा कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "लोकांक चोरी कळता, बाय. असली चूक कळना. कौल आता नको घेऊया. पण पासवर्ड दी. उद्यापासून पूर्वीसारखी वही ठेवूया."

तिने पासवर्ड कागदावर लिहून दिला. मग मंडळाचे इतिवृत्ताचे पुस्तक मागून घेतले आणि त्यात लिहिले:

"यादीतून कोणीही नाव काढलेले नाही. प्रोग्राम आधी फाईल वाचतो आणि मग पुन्हा लिहितो. या दोहोंच्या मधल्या क्षणी दुसऱ्याने तीच फाईल वाचली, तर त्याला पहिल्याचे नाव दिसत नाही, आणि त्याच्या लिहिण्याने ते पुसले जाते. दोघांनाही 'नोंद झाली' असेच उत्तर जाते. सोमवारी गाऱ्हाणे संपताच सर्व चालक एकाच क्षणी नोंद करतात, म्हणून नावे सोमवारीच गेली. जे उशिरा नोंद करत, त्यांची टिकली. वाचण्यापूर्वी फाईलला कुलूप लावून लिहून झाल्यावर ते काढणे आवश्यक होते. ते कुलूप मी लावले नव्हते."

खाली तिने सही केली.